पाखरं देवळालीला गेली

ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका माप द्यायला उभ्या राहिल्या की अजूनही आधी गॅलरीकडे बघतात. "पाखरं कुठं गेली हो?" मी म्हणते, देवळालीला दिली. मग लगेच पुढचं, "अय्या, का?" हातात टेप, तोंडात टाचण्या, आणि सांगायचं म्हटलं तर सगळीच कथा. दर वेळी अर्धवट सांगते आणि ऐकणारीच्या चेहऱ्यावर दिसतं की तिला ते पटलेलं नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहायचं ठरवलं.

चार होते. भुऱ्या, मोगरा, केशर आणि बाळू. चारही कॉकटेल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेले छोटे पोपट. मुलगी बारावीला असताना भुऱ्या-मोगऱ्याची जोडी घरात आली. ती शिकायला पुण्याला गेली आणि पाखरं माझी झाली. केशर आणि बाळू नाशिकमधल्या आमच्याच इंदिरानगरातल्या एका कुटुंबाची, त्यांची बदली झाली तेव्हा आमच्याकडे आली. शिवणाच्या खोलीला लागूनच गॅलरी, तिथे त्यांचा मोठा पिंजरा, आणि दुपारी दार उघडलं की चौघांचा मुक्काम माझ्याभोवती. मोगरा पांढरी-पिवळी, गालावर केशरी टिकल्या. तिची जागा मशीनवर रिळाच्या दांडीशेजारी. मी पायडल मारायला लागले की ती तिथे बसून डुलायची, आणि मी थांबले की चोचीने पत्र्यावर टकटक करायची. भुऱ्याला घंटागाडीची धून अगदी बरोबर जमायची. भर दुपारी त्याने शीळ घातली की खालच्या मजल्यावरच्या वहिनी कचऱ्याचा डबा घेऊन जिन्यात यायच्या. हे अनेकदा झालं, आणि दर वेळी त्या हसत वर येऊन त्याला कोथिंबिरीची काडी देऊन जायच्या.

आमच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो, ऐंशीच्या पुढच्या. गुडघ्यांमुळे त्यांना फार हिंडता येत नाही. सकाळी मक्याचं कणीस सोलून एकेक दाणा जाळीतून द्यायचा, हा त्यांचा उद्योग. केशर त्यांच्याशिवाय कुणाच्या हातून खायची नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पाखरं दिली तेव्हा फक्त माझ्याकडून काही गेलं असं नाही.

कॉकटेल पाळणाऱ्याला त्यांची पांढरी पूड माहीत असते. त्यांच्या अंगावर काही पिसं अशी असतात की ती टोकाकडून सतत झिजत राहतात आणि त्यांची मऊ भुकटी होते. पाखरू ती चोचीने अंगभर पसरवतं, पिसं त्यामुळे चांगली राहतात. सकाळचं ऊन तिरकं गॅलरीत यायचं तेव्हा भुऱ्या अंग झटकायचा आणि त्या उन्हात धुराचा लोट उठल्यासारखं दिसायचं. काळ्या मशीनवर बोट फिरवलं की रेघ उमटायची. आंघोळीला ठेवलेल्या वाडग्यातल्या पाण्यावर दुधासारखी साय धरायची. गिऱ्हाइकांचे काळे, जांभळे ब्लाउजपीस मी जुन्या चादरीत बांधून ठेवायचे. घरातल्या सगळ्यांना ती पूड म्हणजे पाखरांचंच एक अंग वाटायची. मला तिचा वाससुद्धा आवडायचा, कोमट, पिठासारखा.

खोकला सुरू झाला तो कोरडा. कफ नाही, सर्दी नाही. नाशिकची थंडी, निफाडला पारा उतरला की इकडेही हुडहुडी भरते, सगळ्यांना खोकला असतोच. पण उन्हाळा आला तरी माझा राहिला. मग जिना चढताना थांबावं लागायला लागलं. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. आधी वर येऊन, मग पहिल्या मजल्यावर, मग शेवटी दर चार पायऱ्यांनी. संध्याकाळी अंग कसकसायचं. वजन उतरलं. बायका म्हणायच्या, बारीक झालात, छान दिसता. औषधं झाली, खोकल्याची बाटली झाली, पंप झाला. टीबीसाठी थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही.

दिवाळीनंतर मी माहेरी येवल्याला जाऊन राहिले. भावाकडे पैठणीचे माग आहेत, घरात रेशमाचे धागे, लाकडाचा खडखडाट, गल्लीत धूळ. तिथे माझा खोकला हळूहळू बसला. रात्री सलग झोप लागली. माझी आई गेल्यापासून माहेरी एवढी राहिलेच नव्हते, म्हणून सगळ्यांना वाटलं माहेरपण मानवलं. नाशिकला परत आले आणि दोन-चार दिवसांत पुन्हा तेच.

छातीच्या ज्या डॉक्टरांनी शेवटी निदान केलं, त्यांनी पहिल्या भेटीत स्टेथोस्कोप बाजूला ठेवून बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. "ताई, घरात कूलर आहे का? भिंतीला ओल, बुरशी? खिडकीत कबुतरं बसतात? गादी-उशी कशाची? पक्षी पाळलेत?" मी म्हटलं, हो, चार कॉकटेल आहेत. मग त्यांनी विचारलं, "घराबाहेर कुठे राहिलात की बरं वाटतं का?" मी येवल्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि यांच्याकडे बघून म्हणाले, "उद्या एचआरसीटी करून घ्या."

एचआरसीटी म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन. त्या स्कॅनमध्ये फुफ्फुसं जागोजागी धुरकटलेली दिसली. अहवालात त्याला 'ग्राउंड ग्लास' लिहिलेलं असतं, घासून धुरकट केलेल्या काचेसारखं. मध्येमध्ये काळे ठिपके, जिथे हवा आत जाते पण नीट बाहेर पडत नाही. मग फुंकर मारायची तपासणी, पीएफटी. मग सहा मिनिटं चालण्याची. ती तपासणी दिसायला काहीच नाही, दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बोटाला ऑक्सिजनची चिमटी लावून चालत राहायचं. सुरुवातीला चिमटीवर ९६ होतं. चालता चालता ८७ झालं तेव्हा सोबतच्या सिस्टरने मला खुर्चीवर बसवलं. मला चालताना तेवढं कळलंसुद्धा नव्हतं, फक्त व्हरांडा लांब वाटत होता. दुर्बिणीतून फुफ्फुसात थोडं पाणी सोडलं आणि ते परत काढून तपासलं, रक्तात पक्ष्यांच्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी बघितल्या. सगळं एकाच दिशेला जात होतं.

आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. पक्ष्यांमुळे झाला की त्याला बर्ड फॅन्सियर्स लंग म्हणतात. हा जंतूंचा आजार नाही, आणि हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते, कारण आमची पाखरं आजारी होती असा समज लगेच होतो. पक्ष्यांकडून माणसाला सिटाकोसिस नावाचा ताप येऊ शकतो, तो जंतूंमुळे होतो आणि पक्षी तेव्हा आजारी असू शकतो. माझं तसं नव्हतं. माझी पाखरं ठणठणीत होती. त्यांच्या पिसांच्या पुडीतली आणि विष्ठेतली प्रथिनं श्वासातून आत जात होती, आणि माझं शरीर त्यांना शत्रू समजून फुफ्फुसाच्या आतच लढाई करत होतं. त्या लढाईत सूज येते. सूज आहे तोवर माणूस परत येऊ शकतो. वर्षानुवर्षं चालू राहिलं की त्या जागी व्रण धरतात, फुफ्फुस कडक होतं, आणि ते पुन्हा मऊ होत नाही. डॉक्टरांनी स्कॅनवर बोट ठेवून दाखवलं: खालच्या बाजूला थोडे व्रण धरायला सुरुवात झाली होती. बाकी अजून सूज होती.

हे आणि आई त्याच घरात, त्याच हवेत. त्यांना काही नाही. पक्षी पाळणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही. मलाच का, याला डॉक्टरांकडेही सरळ उत्तर नाही, काही माणसांचं शरीर असं वळण घेतं एवढंच.

स्टेरॉइड सुरू केली, प्रेडनिसोलोन. त्यासोबत साखर तपासायची, कॅल्शियम घ्यायचं, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस. चिठ्ठी लिहून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "ही गोळी सूज उतरवेल. पण कारण घरात राहिलं तर गोळी हरणार. पक्षी घरातून जायला हवेत. हेच मुख्य औषध आहे."

मी विचारलं ते सगळं जे कुणीही विचारलं असतं. मास्क लावून सांभाळलं तर? एन-९५ने पूड कमी जाते, पण चोवीस तास मास्क लावून कुणी झोपत नाही. हवा शुद्ध करायचं यंत्र? तेही अपुरं. पिंजरा गच्चीवर नेला आणि दाणापाणी यांनी केलं तर? पूड यांच्या कपड्यांवर, केसांवर खाली येणार. भाच्याने तर पिंजऱ्याला काचेची खोली करायची योजना आणली होती, मापंसुद्धा घेतली होती. डॉक्टरांनी त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्रण धरायला सुरुवात झाली नसती तर थोडा विचार केला असता. आता प्रयोग करायला जागा नाही."

घरी आलो. आईंना कुणी सांगायचं हा प्रश्न होता. मी सांगितलं. त्या कणीस सोलत होत्या. थोडा वेळ सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, "लेकरासारखी आहेत गं." मी म्हटलं, "हो आई." त्या म्हणाल्या, "पण तुला धाप लागते तेव्हा मी इथे बसून मोजत असते, किती वेळाने थांबते ते. तू त्यांची चांगली सोय लाव. मी बघते माझं."

मग लोकांचं बोलणं सुरू झालं. पहिला सल्ला सगळ्यांचा एकच: पिंजरा उघडा आणि सोडून द्या, पुण्य लागेल. इतक्या चांगल्या मनाने सांगतात की राग धरता येत नाही, पण हा सल्ला मला सहन होत नाही. पिंजऱ्यात जन्मलेलं कॉकटेल मूळचं ऑस्ट्रेलियातलं. त्याला इथे काय खायचं, पाणी कुठे, ससाणा दिसला की कुठे दडायचं, काही ठाऊक नसतं. पिवळं-पांढरं पाखरू आमच्या गुलमोहरावर बसलं असतं तर कावळ्यांनी तासाभरात घेरलं असतं. संक्रांतीच्या आधी तर नायलॉन मांजाने इथलीच पाखरं झाडांना लटकलेली दिसतात. हे पुण्य नाही. त्याला घराबाहेर मरायला पाठवणं आहे.

दुसरा वार पक्षी पाळणाऱ्यांकडून आला आणि तो जास्त लागला. "मी असते तर नसते दिली. आपल्या माणसाला आजार झाला म्हणून टाकतो का आपण?" बोलणाऱ्या बाईने व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून ८७ आकडा बघितलेला नव्हता. मी तिला उत्तर दिलं नाही. आता देते. टाकणं म्हणजे त्यांचं पुढे काय होईल हे न बघता हात झटकणं. मी तीच गोष्ट होऊ दिली नाही. कॉकटेल नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं. माझी फुफ्फुसं कडक होऊन मी अंथरुणाला खिळले असते, तर त्या पुढच्या वर्षांत या चौघांकडे कुणी बघितलं असतं? आई बघू शकत नाहीत, मुलगी पुण्यात वसतिगृहासारख्या एका खोलीत राहते. खरं तर कुणीही, विशेषतः पन्नाशीच्या आसपास, पक्षी आणतानाच त्याचं दुसरं घर मनात ठरवून ठेवावं असं माझं आता ठाम मत झालंय.

घर शोधताना मी एक नियम ठेवला. पहिल्याच फोनवर कारण सांगायचं. माझ्या फुफ्फुसाला पाखरांची पूड सोसत नाही, पाखरं निरोगी आहेत, पशुवैद्यांनी तपासून लिहून दिलंय, आणि तुमच्या घरात कुणाला दमा किंवा जुना खोकला असेल तर कृपा करून नेऊ नका. यावर काहींनी फोन ठेवला. बरं झालं. दुसरी अट, चारही एकत्र जातील. भुऱ्या मोगऱ्याशिवाय एक रात्र राहत नाही. पशुवैद्यांकडे तिला नेलं की ती परत येईपर्यंत हा तुरा उभा करून ओरडत असतो.

सिडकोतल्या एका घरी मुलांना खेळायला फक्त पिवळी हवी होती. नाही म्हटलं. एक दुकानदार चारही रोख पैसे देऊन न्यायला तयार होता, पैशाचा प्रश्नच नव्हता, ती पुढे चार ठिकाणी गेली असती. एकाने मोठ्या अभिमानाने सांगितलं की त्यांच्याकडे आधीच राघू आहे, पंख कापलेला. आपल्याकडचा पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना सांगितलं आणि विषय संपवला.

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका बागायतदारांकडे मात्र माझं मन गेलं होतं. मोठं घर, ओटा, सावली, घरात पाखरांची खरी हौस. त्यांनीच चार दिवसांनी फोन केला. "ताई, मी विचार केला. ऑक्टोबर छाटणी झाली की आमची फवारणी किती चालते तुम्हाला माहीत आहे. ओट्यापासून बाग तीस फुटांवर. औषधाचा वास घरात येतो. माणसाचं डोकं चढतं, या जिवांचं काय होईल?" पक्ष्यांचं श्वासाचं तंत्र आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक असतं, नॉनस्टिक तवा रिकामा तापला तरी त्या वाफेने पाखरू मरतं. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांनी स्वतः ओळखलं. पाखरं न नेणाऱ्या या माणसाचे आभार मी सगळ्यात जास्त मानते.

देवळाली कॅम्पच्या ताईंचा फोन आला तो पशुवैद्यांच्या ओळखीतून. त्या आणि त्यांचे यजमान, दोघं निवृत्त. जुनं कौलारू घर, मागे अंगण, अंगणात जाळीची मोठी खोली, छपरासकट. त्यांच्याकडे आधीच कॉकटेल आहेत. फोनवर त्यांनीच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रत्येकाचं वजन किती? मी ग्रॅममध्ये सांगितलं, कारण स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी दर रविवारी वजन करायची, मोगरा ९०च्या आसपास, बाळू थोडा जड. विष्ठेचा फोटो पाठवा. पिसं कधी गळली? अंडी किती वेळा घातली? दाण्यात करडई किती, राळे किती? रात्री दचकून पंख फडफडवतं असं कोण आहे? मग म्हणाल्या, "आमच्या पाखरांपासून पहिला महिना-दीड महिना तुमची वेगळी ठेवीन, दुसऱ्या बाजूला, वेगळी भांडी. वाईट वाटून घेऊ नका." मला काय वाईट वाटणार? हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो ते घर मी शोधत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमचा आजार काय म्हणालात, पुन्हा सांगा, मी लिहून घेते. आमच्या दोघांच्या छातीची तपासणी करून घेईन आधी." आणि त्यांनी खरंच करून घेतली. मोकळ्या अंगणात पूड साचत नाही, तरी साफसफाई ओल्या फडक्याने आणि मास्क लावून करा असं मी सांगितलं.

एकेकाळी छातीच्या विकारासाठी माणसं देवळालीला हवापालटाला जायची, तिथल्या सॅनिटोरियममध्ये राहायची. माझ्या छातीसाठी माझी पाखरं तिकडे गेली.

बंद गाडीत त्यांच्यासोबत बसायचं नाही असं मला सांगितलेलं होतं. त्यामुळे हे आणि भाचा घेऊन गेले. दोन लहान पिंजरे, जोडी जोडीने, वर सुती ओढणी, आतून अंधार असला की घाबरत नाहीत. सोबत त्यांचे जुने पेरूच्या फांदीचे दांडे, बाळूची घंटी, समुद्रफेसाचे तुकडे, आणि महिनाभर पुरेल एवढा त्यांच्याच मिश्रणाचा दाणा, म्हणजे खाणं एकदम बदलायला नको. एका वहीत सगळं लिहून दिलं. केशरला कणसाचे दाणे म्हाताऱ्या माणसाच्या हातून आवडतात, असं आईंनी सांगून लिहायला लावलं. मी मास्क लावून खाली पार्किंगमध्ये उभी होते. गाडी पाथर्डी फाट्याकडे वळली. भुऱ्याची शीळ बंद काचेतूनही येत होती. त्या रात्री आई जेवल्या नाहीत आणि मीही त्यांना आग्रह केला नाही.

पाखरं गेली की काम झालं, असं नसतं. ती पूड महिनोन्महिने घरात राहते. गादीत, पडद्यात, पंख्याच्या पात्यांवर, माझ्या कापडाच्या गाठोड्यांत. मी सिन्नरला बहिणीकडे राहिले आणि यांनी माणसं लावून घर पुसून काढलं. झाडू नाही, ओलं पुसणं. शिवणाच्या खोलीला रंग. कापसाच्या गाद्या बदलल्या. मुलीने हौसेने आणलेलं बदकाच्या पिसांचं जाकीट होतं, तेही गेलं, कारण एका पक्ष्याच्या प्रथिनाला चिडलेलं शरीर दुसऱ्या पक्ष्याच्या प्रथिनालाही चिडतं. त्याच कारणाने आमच्या इमारतीच्या डक्टमधल्या कबुतरांचा बंदोबस्त करावा लागला. सोसायटीच्या बैठकीत मी स्कॅनची फिल्म घेऊन गेले, ट्यूबलाइटसमोर धरली, आणि त्याच महिन्यात जाळी बसली. रामकुंडावर आता मी गेले तरी कबुतरांना दाणे टाकतात तिथून लांबून जाते.

हे सगळं लिहायचं आणखी एक कारण आहे. २०२५च्या जुलैत मुंबईतले कबुतरखाने बंद करायचं ठरलं, ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आणि टीव्हीवर श्रद्धा विरुद्ध आरोग्य असं भांडण रंगलं. माझ्याकडे येणाऱ्या बायका म्हणायच्या, कबुतराने कुठं कुणाला आजार होतो का. होतो. २०१७ साली भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या अशा जुनाट, कडक होत जाणाऱ्या आजारांचे १,०८४ रुग्ण त्यांनी नोंदवले, त्यातल्या ४७.३ टक्के जणांना माझाच आजार होता. सगळ्यांना पक्ष्यांमुळे नाही. त्यातल्या बऱ्याच जणांकडे एअर कूलर होते, त्याच्या ओल्या गवतात बुरशी धरते. नाशिकचा उन्हाळा बघता कूलर नाही असं घर शोधावं लागेल. म्हणून डॉक्टरांनी तो प्रश्न आधी विचारला होता.

माझं आताचं सांगायचं तर गोळीचा डोस उतरत आलाय. चेहरा स्टेरॉइडने सुजला होता, तो पुन्हा माझा दिसायला लागलाय. मागच्या पीएफटीत फुंकरीचा आकडा वाढला. सहा मिनिटं चालून ९३च्या खाली आलं नाही. व्रण आहेत तिथेच आहेत, ते जाणार नाहीत, पण वाढलेले नाहीत. दुसरा मजला मी मध्ये एकदा थांबून चढते. ही सुधारणा गोळीने केली की पाखरांच्या जाण्याने, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गोळी मी कमी करत आणली तरी तुम्ही टिकून आहात, यावरून समजा."

देवळालीला मी गेलेले नाही, जाताही येणार नाही. सुरुवातीला ताई व्हिडिओ कॉल लावायच्या. माझा आवाज फोनमधून आला की मोगरा फोनच्या मागे जाऊन शोधायची, तुरा उभा, मान इकडे तिकडे. दोनदा बघितलं आणि मीच ताईंना म्हटलं, आता आवाज नको, नुसते फोटो पाठवा. ती तिथे रुळत होती, तिला मागे ओढायचा मला काय हक्क? आईंना मात्र हे महिन्यातून एकदा रिक्षाने घेऊन जातात, कणसं घेऊन. परत आल्या की त्यांचे कपडे आधी बाथरूममध्ये बादलीत, अंघोळ, आणि मगच त्या माझ्यापाशी येऊन बसतात आणि सांगतात. केशर ओळखते म्हणतात. बाळूने घंटी तोडली. जाळीच्या खोलीत चौघं इकडून तिकडे सरळ उडतात, आमच्या गॅलरीत तेवढी लांबी नव्हती.

परवा ताईंचा फोन होता. मोगऱ्याने अंडी घातली, पाच. उचलू का म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, उचलू नका, उचलली तर ती आणखी घालत बसेल आणि अंगातलं कॅल्शियम संपेल. बसू दे तिला, समुद्रफेस वाढवा, शेवग्याचा पाला द्या. भुऱ्याही आळीपाळीने बसतो, दिवसा बहुतेक तोच. एकवीस-बावीस दिवसांत कळेल. त्या म्हणाल्या, "पिल्लं निघाली तर मागणारे आत्ताच दोघंजण आहेत. त्यांना आधी काय विचारू, सांगा."

मी म्हटलं, आधी विचारा घरात कुणाला जुना खोकला आहे का. मग पिंजऱ्याची लांबी विचारा.